रॅम्प आहे, पण चढता येत नाही

महोदय,

मराठवाड्यात जिल्हा परिषदेपासून तहसीलपर्यंत, दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी रॅम्प बांधला की काम झालं असं अनेकदा समजलं जातं. पण रॅम्पचा उतार 1:12 हवा. म्हणजे तीन पायऱ्यांची 45 सेंमी उंची चढायला 5.4 मीटर लांबी लागते. जागा नाही म्हणून तो दोन मीटरांत बसवला, तर व्हीलचेअर मागे कलंडण्याची भीती असते. वर गुळगुळीत फरशी लावली की पहिल्याच पावसात कुबडी घसरते. तिथे खरबरीत कोबाच करावा. आपल्याकडच्या मे महिन्यात कठड्याचा स्टीलचा पाइप हाताला चटका देतो, म्हणून वर पत्र्याची सावली हवी. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं, किमान 90 सेंमी रुंद असावं. आत उघडणारं दार व्हीलचेअर आत गेल्यावर लागतच नाही.

अंध कर्मचाऱ्यांची मोठी अडचण तर बिनखर्चात सुटते. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मोफत आहे, मराठी वाचतं. मात्र परिपत्रक स्कॅन करून पाठवलं की ते गप्प होतं, कारण त्याच्या लेखी ते नुसतं चित्र. जुन्या फॉन्टातला मजकूर तर निरर्थक अक्षरं होऊन ऐकू येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंचात, टाइप केलेली मूळ फाइल सोबत जोडा, एवढंच.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार या सोयी सरकारी आस्थापनांना बंधनकारक आहेत. कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकारीही नेमावा लागतो. त्याचं नाव दर्शनी फलकावर लावा. आणि रॅम्पचं बिल मंजूर करण्याआधी अभियंत्याने टेप लावून उतार मोजावा.

– एक वाचक, परभणी