लेनाला नेमकं काय हवंय

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, इथे लीड्समध्ये सगळं मिळतं, तरी लेना दुकानातून रिकाम्या हाताने परत येते आणि गप्प बसून राहते. काय हवंय ते सांगतच नाही." ती शेजारीच होती, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही. अरे, तिला सांगता येतं, पण संकोच वाटत असणार. चांगलं घर आहे, नोकरी आहे, नवरा जीव लावतो, आणि आपण काळ्या पावासाठी डोळ्यांत पाणी आणायचं, हे कोणत्या तोंडाने बोलायचं? मी तिच्या रशियात राहून आलेय, तिची भाषा पुण्यात एवढी वर्षं शिकवली, म्हणून तिच्या वतीने मी लिहिते.

आधी घरातल्या उबेबद्दल. "रशियन असून थंडी वाजते म्हणते," असं तू दोनदा म्हणालास. पुन्हा म्हणू नकोस. रशियन माणूस बाहेरची थंडी सोसतो, घरातली सोसत नाही, कारण घरात थंडी असते हेच त्याला ठाऊक नसतं. १९८६ मध्ये मी मॉस्कोला पुश्किन संस्थेत शिकायला गेले, तेव्हा बाहेर उणे वीस असलं तरी वसतिगृहात मुली अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत वावरायच्या. खिडकीखाली खोली तापवणारी लोखंडाची जाडजूड 'बातारेया' असायची, हात टेकला तर चटका बसेल अशी. ती कमीजास्त करायला चावीच नव्हती. फार उकडलं की खिडकीच्या वरच्या बाजूचं छोटं तावदान, 'फोर्तोच्का', उघडायचं. डोक्यावर बर्फाळ हवा आणि पायाशी ऊब, अशा बैठकीत अभ्यास करायची मलाही इतकी सवय लागली की पुण्याला आल्यावर पहिल्या थंडीत मी आजारी पडले.

तिथे वीज केंद्रांत तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून अख्ख्या शहराच्या घरांत फिरतं. १९२४ मध्ये लेनिनग्राडमधल्या एका इमारतीपासून याची सुरुवात झाली आणि पुढे सगळ्या शहरांत हीच पद्धत आली. सलग पाच दिवस बाहेरचं सरासरी तापमान ८ अंशांच्या खाली राहिलं की गावभर हीटिंग सुरू होतं, ते थेट वसंतापर्यंत रात्रंदिवस चालतं. राहत्या खोलीत १८ अंशांपेक्षा कमी होऊ द्यायचं नाही असा नियमच आहे, आणि लोकांना तेही कमी वाटतं. उन्हाळ्यात नळांच्या दुरुस्तीसाठी काही दिवस गरम पाणी बंद होतं, तेव्हा सगळे पातेल्यात पाणी तापवतात आणि कुरकुरतात. पण हिवाळ्यात ऊब घड्याळ लावून वापरायची असते, हे लेनाच्या आईला तरी पटेल का? तुमचा बॉयलर सकाळी तासभर, संध्याकाळी थोडा वेळ आणि रात्री बंद. गॅसचं बिल मला कळतं रे. सगळं घर तापवू नकोस. तिची ती बसायची खोली तेवढी दिवसभर उबदार राहू दे, खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लाव, आणि तो खर्च दुसरीकडून काढ. लग्नानंतर डिसेंबरात तुम्ही इथे आलात तेव्हा ती आपल्या घरात स्वेटर आणि शाल घेऊन बसायची आणि उत्तर रशियातल्या वोलोग्दाहून आलेल्या मुलीला पुण्याची थंडी वाजते म्हणून सगळे हसत होते. मी तेव्हाच बाबांना हीटर आणायला पाठवलं होतं, आठवतंय?

बेसिनवरचे ते दोन वेगळे नळ, एकातून कढत आणि दुसऱ्यातून गार, तेही तिला छळत असतील. मिक्सर बसवून घे. घरमालकाला विचारावं लागेल, तर विचार.

आता खाण्याचं. इथे मात्र मला सविस्तर लिहू दे, कारण तू खरोखर गोंधळ घालतो आहेस. तू तिच्यासाठी कुट्टूचं पीठ आणलंस. ग्रेच्का म्हणजे कुट्टूच, उत्तरेत उपासाला खातात तो. पण तिला पीठ नकोय, अख्खा भाजलेला तपकिरी दाणा हवाय. सुपरमार्केटात पौष्टिक पदार्थांच्या रांगेत मिळतो तो बहुतेक कच्चा, फिकट हिरवट असतो. तो शिजून गिच्च होतो आणि त्याला तो खरपूस वासच नसतो. तुमच्या लीड्समध्ये पोलिश दुकानं आहेत. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आल्यावर तिथले पुष्कळ लोक इंग्लंडला आले आणि त्यांच्यामागून त्यांची दुकानंही आली. तिथे जाऊन 'काशा ग्रिचाना' माग आणि भाजलेली दे म्हणून सांग. एक वाटी धुवायची, दोन वाट्या पाणी, मीठ, झाकण, मंद आच. ढवळायचं नाही. पाणी आटलं की लोण्याचा गोळा घालून पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून अर्धा तास ठेवून द्यायचं. आमच्या वसतिगृहातली एक मुलगी ते पातेलं थेट आपल्या अंथरुणात, उशीखाली ठेवायची. नंतर दाणा न् दाणा सुटा होतो. सकाळी हेच उरलेलं गार दूध घालून खातात. एकदा तू करून तिच्यापुढे ठेव.

त्याच दुकानात पांढऱ्या चीजचा ठोकळा मिळेल, त्याला ते 'त्फारूग' म्हणतात. रशियन त्वोरोग याहून जरा ओलसर असतं, पण काम भागतं. पनीर चालणार नाही आणि आपला चक्काही चालणार नाही. पनीर ताज्या दुधाचं, त्यात आंबटपणा मुरलेला नसतो. चक्का आंबट खरा, पण तो मऊसूत लागतो, त्याला त्वोरोगासारखा रवाळपणा नसतो. ठोकळा नाही मिळाला तर घरी कर: पूर्ण सायीचं केफिर, म्हणजे ताकासारखं आंबवलेलं दूध, दोन लिटर घे, जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर ठेव, उकळू देऊ नकोस. कडेने पिवळसर पाणी सुटायला लागेल, मधे मऊ गुठळी धरेल. तेवढ्यावर गॅस बंद. गार झालं की मलमलच्या कपड्यात टांगून ठेव. उकळी आली की ते चिवट होतं. या त्वोरोगात एक अंडं, चमचाभर साखर, थोडा रवा किंवा मैदा घालून छोट्या जाड टिक्क्या थाप आणि लोण्यावर दोन्ही बाजूंनी लालसर तळ. वर सायीचं आंबट क्रीम, स्मेताना. याला सिर्निकी म्हणतात. रविवारी सकाळी याचा वास घरभर सुटला की लेना स्वतःहून बोलायला लागेल.

काकड्या घेताना नीट बघ. इंग्रजी गरकिन गोडसर व्हिनेगरातल्या असतात, त्या तिला आवडणार नाहीत. पोलिश बरणीवर 'किशोने' लिहिलेलं असेल ती घे. त्या नुसत्या मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या, लसूण आणि शेपू घातलेल्या. शेपू आपल्या घरी कुणी आवडीने खात नाही, पण त्या मुलीचं शेपूशिवाय पान हलत नाही. बटाट्यावर, सुपात, काकडीत, सगळीकडे शेपू. तुझं नाक मुरडणं थोडं आवर आणि एक जुडी फ्रिजमध्ये कायम असू दे. पाव काळा, राय नावाच्या धान्याचा घे. बोरोदिन्स्की पावावर धने पेरलेले असतात; तो मिळाला तर उत्तम, नाहीतर पूर्व युरोपीय दुकानांत दुसरे रायचे पाव असतातच. लोण्याचं मात्र मला काही सुचत नाही. वोलोग्दाचं लोणी आधी कडक तापवलेल्या सायीचं करतात, त्याला अक्रोडासारखी चव असते, आणि तिच्या गावचं ते लोणी एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेलं आहे. ती मोठी झालीय त्याच्यावर.

चहा तिला तिच्या पद्धतीने करू दे. छोट्या किटलीत घट्ट कोरा अर्क, कपात थोडासा ओतायचा, वर उकळतं पाणी. सोबत रास्पबेरीचा मुरंबा, चमच्याने खायचा. सोव्हिएत काळात तिथल्या घराघरांत पिवळ्या पाकिटातला, हत्तीचं चित्र असलेला भारतीय चहा असायचा. मला पाहून म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा त्या हत्तीबद्दलच बोलायच्या. पुढच्या वेळी मी इथून चांगला आसाम पाठवीन.

चहावरून आठवलं. तुमच्याकडे पाहुणे आले की तू त्यांना हॉलमध्ये बसवतोस. तिला स्वयंपाकघरात बसायचं असतं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांच्या काळात जी पाच मजली घरं उभी राहिली त्यांतली स्वयंपाकघरं इतकी लहान की चौघं बसले तर पाचव्याने उभं राहायचं, पण माणसं तिथेच रात्री दोन-दोनपर्यंत बोलत बसायची. बाकीचं घर झोपायला, मनातलं बोलणं स्वयंपाकघरातच. तुमच्या स्वयंपाकघरात एक छोटं टेबल आणि दोन स्टुलं मावतील का ते माप घेऊन बघ. दारात पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपातांचे दोन-तीन जोड ठेव. बाहेरचे बूट घालून कुणी गालिच्यावर आलं की तुला जेवढं खटकतं तेवढंच तिलाही खटकतं, आणि तीसुद्धा भिडेपोटी बोलत नाही.

तू वाढदिवसाला तिला डझनभर गुलाब दिलेस आणि तिने त्यातला एक काढून वेगळ्या ग्लासात ठेवला, याचं तुला वाईट वाटलं. अरे, रशियात सम संख्येची फुलं मयताला नेतात. जिवंत माणसाला तीन, पाच, सात, अकरा. तिने तुझी फुलं नाकारली नाहीत, तुमच्या घरावरचा अपशकुन टाळला. इथून निघताना सगळे घाईत असताना ती दोन मिनिटं बॅगेवर शांत बसून राहिली, तेही तसंच. लांबच्या प्रवासाला निघताना घरातले सगळे क्षणभर बसतात. तू हाका मारत होतास, मी तिच्या शेजारी बसले होते.

डिसेंबर आला की आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. झाड नाताळनंतर काढू नकोस. सोव्हिएत राजवटीत नाताळ मागे पडला आणि १९३५ पासून ते सजवलेलं झाड नव्या वर्षाचं झालं, म्हणून तिचा खरा सण ३१ डिसेंबरच्या रात्री. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला आणि जुन्या पंचांगाचं नवं वर्ष १३ तारखेच्या रात्री. इंग्लंडमध्ये तोवर झाडं फुटपाथवर टाकलेली असतात, आणि तिला ते बघवत नसेल. १४ जानेवारीपर्यंत राहू दे. ३१ ला ऑलिव्हिए सॅलड करा: उकडलेला बटाटा, गाजर, अंडी, मटार, त्याच खारातल्या काकड्या, सॉसेज, सगळं मटाराएवढं चिरून मेयोनेझमध्ये. आणि टेबलावर संत्री, पुष्कळ. चिरायचं काम तू कर, वेळ लागतो.

आजारी पडली तर अपॉइंटमेंटची वाट बघायला लावू नकोस, निदान तिच्याजवळ बस. तिच्याकडे ताप आला की दवाखान्यातला डॉक्टर घरी येतो, तिने लहानपणापासून तेच पाहिलंय. खरचटल्यावर लावायचं हिरवं औषध, झेल्योन्का, तिने सोबत आणलं असेल. गालावर हिरवा डाग दिसला तर हसू नकोस.

हे सगळं मी इतकं ताणून लिहितेय याचं कारण तुला माहीत आहे. मी मॉस्कोत होते तेव्हा मला परतीचं तिकीट होतं. पोह्यांची आठवण आली तरी वर्ष संपलं की घरी जायचंच आहे, हे ठाऊक होतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून इंग्लंडहून तिच्या देशात थेट विमान जात नाही. इस्तंबूल नाहीतर दुबईवरून जायचं, दुप्पट पैसे आणि दोन दिवस. तिच्या आईचं कार्ड रशियाबाहेर चालत नाही. बसमध्ये फोनवर आईशी बोलताना ती आवाज खाली आणते हे तूच मला सांगितलंस. अशा वेळी ग्रेच्काची ती एक वाटीसुद्धा तिला केवढी वाटत असेल! ती वाटी कुठल्या दुकानातून आणायची, एवढंच आपल्या हातात आहे, तर तेवढं तरी चोख करू या.

मी लेनाला रशियनमध्ये वेगळं पत्र टाकते आहे, त्यात यातलं काही लिहिलेलं नाही. तिच्या आईकडून तिच्या घरच्या बोर्शची, म्हणजे बिटाच्या सुपाची, कृती मागवली आहे. प्रत्येक घरची निराळी असते, म्हणून कुठल्याही पुस्तकातली नको. ती कृती आली की मी मराठीत उतरवून तुला पाठवीन. बीट आत्ताच आणून ठेवू नकोस, आधी खोलीचं हीटिंग बघ आणि शनिवारी पोलिश दुकानात जा. काय मिळालं, काय नाही, ते कळव.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई