अण्णा, टाकी कोरडी आहे, म्हणजे बाहेरून!

अण्णा, नमस्कार.

तुम्ही मोबाईल वापरत नाही म्हणून हे तुमची नात वाचून दाखवेल. मी मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय कारण आपल्या हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला अजून कितीतरी जुन्या बोटींत आमच्यासारख्याच पिण्याच्या पाण्याच्या लोखंडी टाक्या आहेत, आणि तुम्ही मला जे दाखवलंत ते फक्त आमच्या बोटीपुरतं राहू नये असं मला फार वाटतं.

आमची बोट सहा सिलिंडरची, लाकडी, नंतर वरून फायबर चढवलेली, १९९९ साली बाबांनी बांधून घेतलेली. पाण्याची टाकी मागच्या डेकखाली, आणि ती आधी ठेवून मग वरचा डेक मारलेला, त्यामुळे बोट झाल्यापासून ती कधी बाहेर आलीच नव्हती. गेल्या सीझनला एप्रिलपासून तळातलं पाणी उपसायचा पंप जास्त चालायला लागला. बाबांना वाटलं बोट समुद्राचं पाणी घेतेय, म्हणून किनाऱ्याला घेऊन फटी बुजवल्या, फायबरवाल्याकडून दोन ठिकाणी नवीन थर मारून घेतला, पैसे गेले आणि पंप होता तसाच चालू. तिकडे टाकीतलं पाणी पाच दिवस पुरायचं ते तिसऱ्या दिवशी संपायला लागलं तर आम्ही खलाशांनाच बोललो, की पाणी जपून वापरा. ह्याची मला आजही लाज वाटते अण्णा. दोन गोष्टी डोळ्यासमोर होत्या आणि आम्ही एकीला दुसरी जोडली नाही.

१ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, बोट खाडीत घेऊन शाकारली, आणि बाबांनी तुम्हाला बोलावलं. खरं तर बोलावलं होतं इंजिनाच्या पंख्यासाठी. तुम्ही सहज विचारलंत, तळातलं पाणी कधी जिभेला लावून बघितलंत का, खारं होतं का गोडं? आणि आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. मी लगेच वाकून त्या पाण्यात हाताचं बोट बुडवायला गेले तर तुम्ही थांबवलंत, म्हणालात, "बाय, आता पाऊस लागला, आता तळातलं पाणी गोडंच लागणार, आता त्याला काय अर्थ नाय." मग तुम्ही माझ्याकडून घरातली कपड्याची नीळ मागवलीत. टाकी अर्धी भरून त्यात नीळ ओतली, तळ पुसून कोरडा केला, टाकीच्या खाली पांढरं फडकं सरकवलं आणि वर ताडपत्री घट्ट बांधायला लावली. सकाळी फडकं ओढून काढलं तर एक कोपरा निळाशार. तो निळा डाग बघून बाबा जे गप्प बसले ते दुपारपर्यंत बोलले नाहीत.

आदल्या वर्षी एकाने टाकीला बाहेरून वेल्डिंग करून पॅच मारला होता आणि वरून इपॉक्सी पुट्टी लावली होती. मला वाटलं तुम्ही पण तसंच काहीतरी कराल, आम्हाला तेच हवं होतं, कमी खर्चात. तुम्ही पाणी सोडून दिलंत आणि छोटी हातोडी घेऊन टाकी ठोकत ठोकत खाली गेलात, वर ठण्ण ठण्ण वाजत होतं, खाली येता येता आवाज बसका होत गेला, आणि पॅचपासून चार बोटांवर तुम्ही हातोडीची टोकदार बाजू नुसती टेकवून दाबलीत तर ती आत गेली. जोर न लावता. मग तुम्ही वरचं झाकण उघडलंत, भोक लहान, तुमचा हात जाईना, म्हणालात तुझा जातोय तर तूच घाल. मी खांद्यापर्यंत हात घातला. तळाला हाताला लागलं ते गंजाचे पापुद्रे, ओल्या पानांसारखे एकावर एक, आणि त्यांच्याखाली बुळबुळीत गाळ. हात बाहेर काढला तर कोपरापर्यंत तांबडा. तुम्ही एवढंच म्हणालात, "आठ माणसं हे पितायत." बाकी काही समजवावं लागलं नाही मला.

आमच्याकडे चार खलाशी नेपाळचे आहेत, वर्षातले आठ-नऊ महिने ह्याच बोटीवर काढतात. चहा तांबडा होतो, भाताला वास येतो असं ते सांगायचे, आणि आम्ही म्हणायचो जुनी बोट आहे, चालायचंच.

पॅच का टिकत नाही हे तुम्ही जसं सांगितलंत तसंच लिहिते, कारण मला आता कोणी विचारलं की मी हेच सांगते. पत्रा एका ठिकाणी फुटला म्हणजे आजूबाजूचा पण कागदासारखा झालेला असतो, तिथे वेल्डिंग केलं की शेजारचा पत्रा जळतो आणि नवीन भोक तयार. आणि आमची टाकी आतून जेवढी गंजली होती त्यापेक्षा जास्त खालून गंजली होती, कारण ती थेट लाकडाच्या वाशांवर बसवलेली, लाकूड आणि पत्रा ह्यांच्या मधे खारं पाणी शिरायचं ते वाळायचंच नाही, चोवीस वर्षं.

काढायची कशी हा मोठा प्रश्न होता. डेक फोडायला तुम्ही नाही म्हणालात, आणि गॅस कटर तर बोटीत आणूच दिला नाहीत, शेजारीच डिझेलची टाकी आणि सगळं लाकूड. डिझेल काढून बोटीबाहेर ठेवलं, सगळीकडे ओली गोणपाटं टाकली, एक माणूस पाण्याची बादली घेऊन उभा, आणि ग्राइंडरने जिथल्या तिथे तुकडे केले. त्याला तीन दिवस लागले. रोज काम संपल्यावर तुम्ही अजून तासभर तिथेच बसून राहायचात, कुठे ठिणगी धुमसत नाही ना बघायला, आणि त्या पावसात घरी उशिरा जायचात. हे मी विसरणार नाही.

नवीन टाकी एकच मोठी न करता दोन करा हा तुमचाच सल्ला. तेव्हा बाबा कुरकुरले होते, पण १०० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरच्या दोन टाक्या आमच्या हॅचमधून, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या तोंडातून, आरामात आत गेल्या, दोन माणसांनी उचलल्या. एकेक ३६० लिटर, दोन्ही मिळून ७२०, आणि प्रत्येकीला स्वतंत्र वॉल्व, म्हणजे एकीचं पाणी खराब झालं किंवा गळायला लागली तरी दुसरी शाबूत. स्टेनलेस स्टीलचा पत्रा ३०४ नंबरचा नको, ३१६ चाच घ्या, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून खाऱ्या हवेत तो जास्त टिकतो, हे तुम्ही बाबांना तीनदा सांगितलंत. आत मधोमध बॅफल, म्हणजे पाणी अडवणारा पत्र्याचा आडपडदा, कारण अर्धी भरलेली टाकी बोट डुलली की सगळं पाणी एका अंगाला फेकते आणि वेल्डिंगला दणके बसत राहतात. आणि झाकण बरोबर बॅफलच्या वर, म्हणजे एकाच भोकातून दोन्हीकडे हात जाऊन साफ करता येतं. हे झाकणाचं मला सगळ्यात आवडलं. असा विचार तोच माणूस करतो ज्याला पुढे दहा वर्षांनी कोणीतरी ही टाकी घासणार आहे हे दिसत असतं.

टेस्टिंगचा दिवस पण आठवतोय. आमच्या पडवीत टाकी पूर्ण भरली, वर पाच फुटाचा पाइप उभा करून तोही भरला, आणि सगळ्या वेल्डिंगवर तुम्ही खडू घासलात. वेल्डर म्हणत होता काही गळणार नाही. वीस मिनिटांनी खाली वॉल्वच्या सॉकेटजवळ खडूच्या पांढऱ्या रेषेत एक ठिपका काळा झाला, मोहरीएवढा. नुसत्या डोळ्यांनी तो दिसलाच नसता. तुम्ही त्या पोराला रागावला नाहीत, त्याच्याकडूनच तेवढं घासून परत करून घेतलंत आणि परत वीस मिनिटं बसलात.

बसवताना टाकीखाली माझा हात फिरवायला लावलात, सगळीकडून गेला पाहिजे, हवा खेळली पाहिजे, पाणी अडकायला जागा नको. मग ब्लीचिंग पावडर, दोन्ही टाक्यांना मिळून १२० ग्रॅम, बादलीत कालवून वरचं नितळ पाणीच ओतायचं, बारा तास ठेवायचं आणि सोडून द्यायचं, जास्त वेळ ठेवलं तर क्लोरिन स्टीललाच खातं. वास जाईपर्यंत तीनदा धुतलं.

आणि पैशाचं म्हणाल तर तुम्ही इंजिनाच्या कामाचेच घेतलेत. टाकीचे घ्या म्हणून बाबा दोनदा तुमच्या घरी आले, दोन्ही वेळा तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत. तुमच्या शब्दाबाहेर जाऊन ते परत येणार नाहीत, पण मनातून फार ऋणी आहेत, ते स्वतः बोलत नाहीत म्हणून मी लिहिते.

ऑगस्टमधे पहिली फेरी सहा दिवसांची झाली. परत आल्यावर बोट चालवणारा आमचा तांडेल आधी मासळीचं बोललाच नाही, म्हणाला एका टाकीत अजून अर्धं पाणी आहे. सगळ्यात वयस्कर नेपाळी खलाशाने मला जेटीवरच स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला, बघ म्हणाला रंग. दुधाचा चहा दुधाच्या चहासारखा दिसत होता. मी त्याच्यासमोर तो सगळा प्यायले आणि मग त्याची माफी मागितली.

तळ मी स्वतः उतरून बघितला, टाकीखाली फडकं फिरवलं, कोरडं आलं. फक्त डाव्या टाकीच्या वॉल्वच्या दांडीतून थेंब येत होता, तर मी दांडीखालचा नट पाव फेरा आवळला, थांबला नाही, मग अजून पाव फेरा, मग थांबला. वॉल्व अजून हाताने सहज फिरतोय. बरोबर केलं ना अण्णा? नातीला सांगून कळवा, पुढची फेरी सोमवारी निघतेय.

तुमची,
बाय