ऑस्ट्रेलियातल्या वॉलहल्ला स्टेशनवरच्या काकांना

काका,

तुम्हाला मराठी येत नाही, हे ठाऊक आहे मला. इंग्रजीतलं ‘थँक्यू’ त्याच दिवशी दहादा म्हणून झालं. पण बाबांचं म्हणणं, ‘तेवढ्याने काय होतंय? नीट पत्र लिही, आणि मराठीतच लिही.’ म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आपली ओळख तुमच्या ओरडण्यानेच झाली. मी तिकिटं काढत होते आणि बाबा फलाटाच्या टोकाला रुळाशी उकिडवे बसून विती मोजत होते. तुम्ही हातवारे करत धावलात, मागून मी. बाबा शांतपणे उठले आणि म्हणाले, ‘तीन विती, चार बोटं. अडीच फूट! अगं, ही आपली बार्शी लाइट!’

तेव्हा घाईत जेमतेम समजावलं होतं, आता नीट सांगते. बाबांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये झाली. बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली १८९७ साली. पुढे त्याच अडीच फुटी रुळांवरून वारकरी पंढरपूरला जायचे, डब्यात मावले नाहीत तर टपावर बसून. आता तिथे ब्रॉडगेज आहे. मी मेलबर्नहून १८० किलोमीटर गाडी हाकत त्यांना सोन्याचं गाव दाखवायला आणलं, आणि त्यांना सापडला त्यांचा रूळ.

मग तुम्ही त्यांना इंजिनाजवळ नेलंत. बाबांचं इंग्रजी ‘यस’ आणि ‘बॉयलर’ यांच्या पुढे जात नाही, तरी अर्धा तास तुमचं काय चाललं होतं, देव जाणे. १९४४ मध्ये बंद पडलेली, रूळही उखडून नेलेली लाइन तुम्ही लोकांनी बिनपगारी पुन्हा टाकलीत, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘बिनपगारी? आमच्याकडे युनियनने टाकू दिली नसती.’

गावही पाहिलं. दरी इतकी चिंचोळी की सपाट जागा मिळेना, म्हणून अग्निशमन केंद्र थेट ओढ्यावर बांधलेलं, आणि क्रिकेटचं मैदान डोंगराचा माथा कापून केलेलं. (बाबांचे गुडघे पाहता मैदान खालूनच पाहिलं.) या ओढ्याला ज्याचं नाव आहे त्या नेड स्ट्रिंगरला इथे सोनं सापडलं आणि १८६३ मध्येच तो वारला, खरं सोनं पुढे कंपन्यांनी खडक फोडून काढलं. खाणीत शिरल्यावर बाबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, ‘ही धूळ किती जणांच्या छातीत गेली असेल गं?’ उतारावरच्या दफनभूमीत त्यांनी टोपी काढली. रेल्वे १९१० मध्ये आली आणि मोठी खाण १९१४ मध्ये बंद झाली, हे ऐकून मात्र त्यांना हसू आवरेना. ‘रेल्वे कुठेही असो, लेटच!’

संध्याकाळी निघालो आणि गावाबाहेर पडायच्या आत टायर बसलं. मोबाइलला रेंज नाही. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. ती कधी तपासली नव्हती, हा दोष सर्वस्वी माझा. २०१६ च्या जनगणनेत २० माणसं असलेल्या गावात गॅरेज कुठून शोधणार? तेवढ्यात तुम्ही घरी निघालेले दिसलात. स्वतःच्या गाडीतला पंप काढलात, जॅक लावलात. एक नट काही केल्या हलेना, तेव्हा तुम्ही पान्याच्या दांड्याला लांब पाइप अडकवलात आणि बाबांकडे पाहिलंत. त्यांनी काही न विचारता पाइपवर पाय ठेवला. ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि दोघंही असे हसलात, जणू रोज एकाच शिफ्टला असता. तोवर अंधार पडत आला होता आणि मी टॉर्च धरण्यापलीकडे काही केलं नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. हात पुसायला दिलेली माझी ओढणी तेवढी नाइलाजाने घेतलीत. तिचे डाग गेलेले नाहीत, आणि आई म्हणते घालवूही नको.

निघताना बाबांनी डब्यातली शेंगाचटणीची पुडी तुमच्या हातात कोंबली. ती तिखट आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. ब्रेडवर लोणी जरा जास्त लावा.

तुमची,
टॉर्च धरणारी