देवळाचा केर

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. वडिलांच्या स्मरणार्थ आपल्या महादेवाच्या सभामंडपात संगमरवरी फरशी घालून द्यावी आणि भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी बसवावी, असा तुझा मानस आहे. शिवाय देऊळ नुसते झाडल्याने खरेच काही पुण्य लागते का, असेही तू चेष्टेने विचारले आहेस. फरशीचे नंतर पाहू, आधी चेष्टेचे उत्तर देतो.

भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर एकनाथांनी १५७३ साली काशीत टीका पूर्ण केली, त्याच स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला भक्तीची लक्षणे सांगताना मंदिर झाडणे, सारवणे, सडा घालणे आणि रांगोळी काढणे ही कामे स्पष्टपणे मोजतात आणि ती दासासारखी, निष्कपटपणे करावीत असे बजावतात. मला त्याच्या लगेच पुढचा श्लोक अधिक मोलाचा वाटतो: केलेल्या सेवेचा डांगोरा पिटू नये, आणि देवाला वाहिलेल्या दिव्याचा उजेडसुद्धा आपल्या कामाला वापरू नये. (हे सारे मी तुला लांबलचक पत्र लिहून कळवतो आहे, तेव्हा माझ्या पदरी काय उरले ते तूच ठरव.)

गेल्या श्रावणात शाळुंकेत पाणी तुंबू लागले म्हणून गुरवांनी मला हाक मारली. पन्हळीपासून भिंतीबाहेरच्या गोमुखापर्यंतची वाट बेलाची पाने, तांदूळ आणि दुधाचा आंबूस गाळ यांनी गच्च बसली होती. बाहेर उकिडवे बसून बांबूच्या कामटीने मी तो गाळ चिमूटचिमूट उपसत राहिलो, आणि अखेर साठलेले पाणी भळकन माझ्या मांडीवरच आले. मधल्या वेळात दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांनी मला चपला सांभाळायला सांगितल्या, आणि मी त्या सांभाळल्याही. त्या दोन तासांत मी कोण, याची मला एकदाही आठवण झाली नाही. पुण्य याहून वेगळे काही असेल, तर ते माझ्या वाट्याला अजून आलेले नाही.

तमिळनाडूत सातव्या शतकात अप्पर नावाचे थोर शिवभक्त होऊन गेले. देवळाच्या आवारातले तण काढण्याचे लांब दांड्याचे खुरपे हीच त्यांच्या मूर्तीची ओळख आहे. आपले गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर पंढरपूरला जाऊनही देवळात न शिरता हाती खराटा घेत.

मात्र या सेवेत अडाणीपणा चालत नाही, हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. तीन वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात मी ओवरीच्या पायऱ्यांवर ॲसिड ओतले. डाग गेले हे खरे, पण दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या दरजाही खाल्ल्या गेल्या आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरी पायरी पायाखाली डुगडुगू लागली. कोरीव खांबांना चकचकीत ऑइलपेंट फासणाऱ्यांना मी तेव्हापासून नावे ठेवीत नाही, पण डबा हाती घेतलेला दिसला की अडवतो. तुझ्या संगमरवराला माझा विरोध आहे तो याच कारणाने: वर फरशी बसली की खालच्या घडीव दगडातली ओल कोंडते आणि खांबांच्या तळाशी चढू लागते.

आणि पाटीबद्दल म्हणशील, तर तुझे वडील कार्तिकात काकड्याच्या आधी एकटे येत, नंदीच्या पाठीवरची सुकलेली फुले वेचत आणि गाभाऱ्याचा उंबरठा उपरण्याच्या सोग्याने पुसत. कुणी पाहू नये म्हणून ते दिवा लावत नसत. मी एकदा लवकर गेलो होतो म्हणून मला हे ठाऊक आहे. मला पाहून ते इतके ओशाळले की जणू चोरीच करताना सापडले होते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या चार दिवस आधी ये. दीपमाळेच्या हातांवर गेल्या वर्षीच्या तेलाचा काळा चिकटा बसला आहे, समया चिंचेने घासायच्या आहेत, आणि शिखराच्या सांधीत पिंपळाचे एक रोप वीतभर वाढले आहे, ते मूळ धरण्याआधी काढले पाहिजे. येताना काथ्याचे दोन-तीन कुंचे आण. तारेचा ब्रश आणू नकोस. खराटे इथे आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
बालमित्र