शिन-ओसाका स्थानकावरील कर्मचाऱ्यास अनावृत पत्र

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही आणि मराठी आपल्याला वाचता येणार नाही, हेही मी जाणते. तरीही जपानमधली आमची कौटुंबिक सहल संपत असताना, कान्साई विमानतळावर विमानाची वाट पाहत, हे पत्र लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

काल दुपारी टोकियोहून शिन-ओसाकाला येताना बाबांनी डुलकी घेण्यापूर्वी कानातले यंत्र काढले, कागदी रुमालात गुंडाळले आणि समोरच्या सीटच्या खिशात ठेवले. १९६४ पासून या मार्गावर धावणारी शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, आता ५१५ किलोमीटरचे अंतर अडीच तासांत कापते. त्या वेगाच्या कौतुकात आम्ही इतके रमलो की उतरताना तो बोळा कोणाच्याच लक्षात आला नाही. हॉटेलवर पोहोचल्यावर बाबांचा हात कानाकडे गेला आणि ते मटकन खालीच बसले. दुसऱ्या कानाने त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

सहल आखून देणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला फोन केला, तेव्हा ‘मॅडम, कचऱ्यात गेलं समजा, आजोबांना म्हणावं घरी गेल्यावर नवीन घ्या,’ एवढेच उत्तर मिळाले. पैसे भरून घेताना दिवसातून तीनतीनदा फोन करणाऱ्या या माणसाला कोणाकडे चौकशी करावी हे सांगण्याइतकीही सवड नव्हती. त्याचा राग मला अजून आहे आणि तो लपवावा असे वाटत नाही.

शेवटी आम्हीच स्थानकावर परत आलो, तर यंत्र हरवलेल्या वस्तूंच्या आपल्या खिडकीवर आमच्या आधीच पोहोचले होते. ज्या सफाई कर्मचाऱ्याने कचऱ्यात जाण्याच्याच लायकीचा दिसणारा तो बोळा टाकून न देता उलगडून पाहिला, त्याचे किंवा तिचे ऋण कसे फेडावे हे मला कळत नाही. परंतु त्याहूनही माझ्या मनात घर करून राहिले आहे ते त्यानंतरचे अर्धे मिनिट. यंत्र घेण्यासाठी मी हात पुढे केला, आणि आपण मान लववून, मला न दुखावता, खिडकीच्या बाजूने बाहेर आलात. यंत्र दोन्ही हातांनी बाबांच्या पुढे धरलेत. त्यांची बोटे थरथरत होती, तरी आपण घाई केली नाही आणि मदतीलाही सरसावला नाहीत; ते कानात नीट बसेपर्यंत थांबलात आणि मग हळू आवाजात विचारलेत, ‘किकोएमासु का?’ जपानीचे अक्षरही न येणाऱ्या बाबांनी लगेच उत्तर दिले, ‘हो, येतंय ऐकू.’ आपण हसलात.

ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही, त्याच्याविषयी बोलतात. डॉक्टर मला विचारतात, दुकानदार मला विचारतात, आणि खरे सांगायचे तर गेली काही वर्षे मीही बाबांच्या वतीने परस्पर उत्तरे देत आले आहे. या सहलीत त्यांना काय पाहायचे आहे हेसुद्धा मीच ठरवले होते. ज्याची वस्तू त्याच्या हाती द्यावी आणि ज्याचा प्रश्न त्यालाच विचारावा, इतका साधा चांगुलपणा अनोळखी भाषेतल्या अनोळखी माणसाने दाखवावा, याने मी आतून हलले आहे. देवळे, बागा आणि फुजीचा डोंगर यांचे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्या क्षणाचा एकही नाही.

बाबा आता माझ्या शेजारी बसले आहेत. आपण काय म्हणालात, हे त्यांनी इथल्या एका मुलीकडून समजून घेतले: ‘किकोएमासु का’, म्हणजे ‘ऐकू येतं का’. दोन्ही भाषांत शेवटचा ‘का’ एकच आहे, याचा त्यांना कोण आनंद झाला आहे! ते शब्द त्यांनी आपल्या छोट्या डायरीत उतरवून घेतले आहेत, आणि उच्चार बरोबर जमतो का ते पाहण्यासाठी मघापासून मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत आहेत.

आपली कृतज्ञ,
एका प्रवाशाची मुलगी