सिस्टर, त्या गोल डबीसाठी

प्रिय सिस्टर,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला पुण्यात कळलं, तेही तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी. निरोप घ्यायचा राहून गेला. आभार मानायला लागलं की तुम्ही हात हलवून म्हणायचात, ‘मी काय करते? मी फक्त घेऊन येते.’ समोर असतात तर हे काही बोलू दिलं नसतंत, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं पत्र लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. सोलापुरात कितीतरी घरांत कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, आणि चर्चला जाता येत नाही म्हणजे आपलं कम्युनियन, ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी पवित्र भाकर, संपलं असं ती माणसं मनाशी धरून बसतात. आईही तशीच बसली होती, तुम्ही ते घरी घेऊन येईपर्यंत.

२०२० च्या जुलैत बाबा गेले. करोनाचा वॉर्ड, आत कुणालाच सोडत नव्हते, फादरांनाही नाही. आईला शेवटचं दिसलं ते रुग्णवाहिकेचं बंद होणारं दार. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाला जे कम्युनियन देतात त्याचं लॅटिन नाव व्हियाटिकुम, म्हणजे प्रवासाला बरोबर बांधून दिलेलं. आईला लॅटिन कुठून येणार? पण ती आपण होऊन ‘शिदोरी’ हाच शब्द वापरायची. ‘ह्यांना शिदोरी मिळाली नाही गं,’ असं दर दोन दिवसांनी. बाबा एकोणीस वर्षांचे असताना, १९६४ च्या डिसेंबरात, सोलापूरहून रेल्वेनं मुंबईला युकॅरिस्टिक काँग्रेसला, म्हणजे याच पवित्र भाकरीच्या जागतिक मेळाव्याला, गेले होते. पोप सहावे पॉल आले होते. ओव्हल मैदानावरच्या गर्दीत वेदी काही दिसली नाही म्हणायचे, पण एका क्षणी एवढं मैदान चिडीचूप झालं, शेजारचा अनोळखी माणूस गुडघ्यावर बसला, आणि तेही बसले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला शंभरदा तरी सांगितली असेल. असा माणूस शेवटी एकटा गेला, हे आईला सोसवत नव्हतं. मलाही नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाईलवर यायची. आई वेणीफणी करून, डोक्यावर पदर घेऊन समोर बसायची, कम्युनियनच्या वेळी आत्मिक कम्युनियनची, म्हणजे भाकर हाती नसताना प्रभूला मनात बोलावण्याची, प्रार्थना म्हणायची. ती प्रार्थना चर्चनंच शिकवलेली, तिचं मोल मी कमी करत नाही. त्या दिवसांत तिच्यावरच तर आईनं तग धरला. पण मिस्सा संपली की आई फोन पालथा ठेवायची आणि म्हणायची, ‘ताट दाखवून नेलं गं.’

२०२२ मध्ये ती मोरीत घसरली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, चालणं मात्र परत आलं नाही. मी पुण्याला नोकरीत. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल, शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. दिवसभर सांभाळायला एक मावशी होत्या. औषधं, किराणा, सगळं वेळच्या वेळी. आईला मी काही कमी पडू देत नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं. तरी कॉलवर तिचा प्रश्न ठरलेला, ‘कधी येणार?’ मी म्हणायचे, ‘हे काय आई, समोरच आहे की.’ ती माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवायला म्हणून काचेवर बोट ठेवायची आणि कॉल कट व्हायचा.

बाबांचा एक आवाजी निरोप माझ्या फोनमध्ये होता. ‘पोचलीस का? जेवलीस का?’ एवढाच. आईला बरं वाटेल म्हणून एका रविवारी तो लावला. तिनं भिंतीकडे तोंड केलं. ‘बंद कर. आवाज आहे, माणूस कुठंय?’ त्या रात्री गाडीत मला झोप लागली नाही.

मग तुम्ही आलात. २०२३ च्या मार्चमधला पहिला शुक्रवार, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, मी रजेवर होते. गॅलरीतून पाहिलं तर तुम्ही अशोक चौकाकडून येणाऱ्या रिक्षातून उतरत होतात, गळ्यातल्या कापडी पिशवीवर एक हात घट्ट. मी वरून हाक मारली, तुम्ही नुसती मान हलवलीत. तेव्हा जरा तुटकच वाटलं मला. पुढं कळलं की पवित्र भाकरीची डबी जवळ असली की तुम्ही वाटेत कुणाशी गप्पा मारत नाही, कारण कोण बरोबर आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता, क्रूस, मेणबत्ती, वाटीत थोडं पाणी. पिशवीतून ती डबी काढलीत, घड्याळाएवढी, सोनेरी. ‘ख्रिस्ताचे शरीर.’ आई ‘आमेन’ म्हणाली आणि तिनं लहान पोरासारखं तोंड उघडलं.

त्यानंतर तुम्ही बसून राहिलात. चांगली दहा-बारा मिनिटं, एक शब्द न बोलता. भिंतीपलीकडे अक्कांचे यंत्रमाग खडखडत होते, ते आमच्याकडे कधी थांबतच नाहीत. आईचे डोळे मिटलेले होते. मी मात्र चुळबुळत होते, चहा टाकू का, पंखा वाढवू का. आईजवळ नुसतं बसायचं असतं हे मला कितीतरी वर्षांत सुचलं नव्हतं, सिस्टर. ते मी तुम्हाला बघून शिकले.

निघताना दारात मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? हे सगळं आठवणीसाठीच ना, ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असंच म्हटलंय ना? मला खरंच तसं वाटायचं. शाळेत धर्मशिक्षण झालं होतं, पण मनात पवित्र भाकर म्हणजे एक खूण, एक सुंदर प्रतीक, इतकंच होतं. तुम्ही चपला घालता घालता तुमच्या मल्याळी वळणाच्या मराठीत म्हणालात, ‘आठवण नसलेल्या माणसाची काढतात. हा आहे.’ मग जिन्यातच उभं राहून यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं सांगितलंत. त्या रात्री यहुदी घरात बाप मुलाला सांगतो की देवानं मला मिसरातून, इजिप्तच्या गुलामीतून, बाहेर काढलं. हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांना, असं तो म्हणत नाही. येशू त्याच सणाच्या जेवणाला बसला होता, त्याच्या तोंडचं ‘स्मरण’ त्या घरातलं आहे. आईच्या ‘आवाज आहे, माणूस कुठंय’ला हे उत्तर होतं, आणि ते मला जिन्यात मिळालं.

आईशी मात्र तुमच्या गप्पा वेगळ्याच. तिनं आयुष्यभर ज्वारीची कडक भाकरी थापून विकली, गिरणी बंद पडल्यावर आमचं घर त्या भाकरीवरच चाललं. तिनं एकदा सरळ विचारलं, ‘ही गव्हाचीच का ओ सिस्टर? ज्वारीची का चालत नाही?’ मी ओशाळले. तुम्ही ओशाळला नाहीत. चर्चचा नियम आहे म्हणालात, फक्त गहू आणि पाणी, दुसरं काही मिसळायचं नाही, कारण त्या रात्री त्यानं जे हातात घेतलं तेच आपण घेतो. आणि पुढं म्हणालात, ‘त्याच्या गावच्या ताटात जे होतं ते त्यानं घेतलं.’ आई विचार करून म्हणाली, ‘म्हणजे मंगळवेढ्याला जन्मला असता तर भाकरीच घेतली असती.’ तुम्ही पोट धरून हसलात. आपल्या बायबलातही ‘जीवनाची भाकर’ असंच आहे. ज्यांनी ते मराठीत आणलं त्यांना या मातीत पोट कशानं भरतं ते बरोबर कळलं होतं. आईला तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. भाकर थापणारीला माहीत असतं, ती नुसती बघायची वस्तू नव्हे. ती मोडायची असते, द्यायची असते, आणि खाल्ली की ती खाणाऱ्याच्या अंगात जाते, मग तिला कुणी वेगळं काढू शकत नाही.

नंतर मी थोडं वाचलं. साधारण १५५ साली रोममध्ये संत जस्टिन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात आहे की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यांचा वाटा नेऊन पोचवतात. ते वाचून मी किती वेळ तशीच बसले. म्हणजे आईचा वाटा पहिल्यापासूनच बाजूला काढलेला होता. अंथरुणावरच्या माणसाला मागून आठवून केलेली ही सोय नव्हे.

तुम्ही यायला लागलात त्या वर्षी आषाढीआधी शेगावची पालखी सोलापुरात आली. टाळमृदंगाचा आवाज ऐकत आई म्हणाली, ‘महिनाभर चालून येतात गं. विठ्ठलाचा फोटो काय घरात नसतो? पण ह्यांना भेट पाहिजे, पायावर डोकं टेकवायचंय.’ पलीकडच्या अक्का तिथंच बसल्या होत्या, त्यांनी मान डोलावली. दोघींची श्रद्धा वेगळी, भाषाही वेगळी, एक मराठी तर एक तेलुगू. पण भेटीची भूक दोघींना एकमेकींची कळत होती. मग आई म्हणाली, ‘मला चालता येत नाही, म्हणून माझा देव रिक्षातनं येतो.’ हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

अक्का तुम्ही यायच्या वेळी दाराशी हात जोडून उभ्या राहायच्या. त्यांनी प्रसाद मागितला तेव्हा तुम्ही जवळ बसवून समजावलंत की हे घेण्याआधी मोठी तयारी असते, आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केलीत. त्या रुसल्या नाहीत. उलट मधल्या दिवसांत त्याच येऊन आईपाशी बसायला लागल्या. बोलायच्या फारसं नाहीत. तुमच्यासारख्याच नुसत्या बसायच्या.

२०२४ चा मे. त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, दुपारी दोनला रस्त्यावर चिटपाखरू नाही. आईचं गिळणं बंद होत आलं होतं. आदल्या दिवशी फादर येऊन आजाऱ्यांसाठीचं पवित्र तेल लावून गेले होते. मी फोन केला आणि रिक्षा मिळाली नाही म्हणून तुम्ही चालत आलात, चेहरा लालबुंद. तुम्ही नखाएवढा तुकडा मोडलात, चमच्यातल्या पाण्यात ठेवलात. माझ्या तोंडून निघालं, ‘एवढासाच?’ तुम्ही म्हणालात, ‘एवढ्यातही तो पूर्ण असतो.’ १५५१ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं हे ठरवून सांगितलं, तेव्हा तिथं मोठमोठे वाद चालू होते. माझ्यासमोर एक चमचा होता आणि आईचे कोरडे ओठ होते. तिनं गिळलं. मग हळूच विचारलं, ‘ह्यांना?’

तुम्ही खोटं आश्वासन दिलं नाहीत. एवढंच म्हणालात, ‘बाबा ज्याच्याकडे गेलेत तोच तुमच्याकडे आलाय.’ आईनं ते शब्द पुन्हा म्हणून पाहिले, तुमच्यामागून. शिदोरीची गोष्ट तिनं नंतर काढली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. मी पुण्यात नव्हते, सिस्टर. मी तिथं होते.

वाटीतलं पाणी तुम्ही त्या दुपारी अबोलीच्या कुंडीत ओतलंत. अबोली अजून आहे, अक्का पाणी घालतात.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी फादरांना किंवा सिस्टरना नुसतं सांगावं. कुणीतरी येईल. आम्ही वर्षभर सांगितलंच नव्हतं, ती चूक माझी.

रुमाल मी धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी आहेत, त्यांना पक्षाघात झालाय. नवीन सिस्टर त्यांच्याकडे पहिल्या शुक्रवारी येतात. जमेल तेव्हा रजा टाकून मी आदल्या संध्याकाळच्या हुतात्मानं येते. सकाळी त्यांच्या टेबलावर तोच रुमाल अंथरते आणि बाजूला बसते.

तुमची,
भाकरीवाल्या आईची लेक,
सोलापूर