वडिलांच्या आरामखुर्चीची फाइल वाचणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

ग्राहक सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस विनामोबदला बसून आपण ज्या अनेकांची कागदपत्रे वाचता, त्यांतली माझी फाइल आपल्या लक्षात असेलच असे नाही. वडिलांच्या आरामखुर्चीची फाइल, असे म्हटले तर कदाचित आठवेल. फर्निचर संरक्षण विम्याच्या त्या पॉलिसीचा संपूर्ण प्रीमियम मागच्या आठवड्यात व्याजासह माझ्या खात्यावर परत जमा झाला. हे फोनवरही कळवता आले असते. परंतु आपण नेमके काय केलेत, ते अशाच पॉलिसीत अडकलेल्या इतरांनाही वाचता यावे, या इच्छेने मी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे आले तेव्हा माझा दावा दोनदा नाकारला गेला होता. खुर्चीच्या पाठीवर, वडील डोके टेकतात त्या जागी, कापड काळवंडले होते आणि विमा कंपनीचे म्हणणे असे होते की, हा डाग घाम आणि त्वचेचा तेलकटपणा हळूहळू साचून पडलेला आहे, तर पॉलिसी केवळ अचानक, अपघाताने आणि एकाच घटनेत झालेल्या नुकसानीला लागू होते. मी कंपनीला तीन पत्रे लिहून डाग म्हणजे डागच, तो एका दिवसात पडो की वर्षभरात, असा वाद घालत राहिले होते. आपण ती चौदा पानी पॉलिसी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलीत, नैसर्गिक झीज, रंग उडणे, शिवण उसवणे, साचत गेलेले डाग हे सारे अपवाद पेन्सिलने अधोरेखित केलेत आणि मला सांगितलेत की, दाव्यापुरते कंपनीचे म्हणणे बरोबर आहे. त्या क्षणी मला फार वाईट वाटले, हे मान्य करते. इतक्या महिन्यांत मला कोणी तरी माझी बाजू घेणारे हवे होते, आणि आपण तर माझ्याच विरुद्ध बोलत होतात.

त्यानंतर आपण विचारलेत की, ही पॉलिसी मुळात घेतली कशासाठी, आणि खरेदीच्या दिवशी काय बोलणे झाले होते. हा प्रश्न तोपर्यंत मला कोणीही विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. वडील आजारी असून दिवसाचे दहा-बारा तास याच खुर्चीत बसणार आहेत, घामाने कापड खराब होईल अशी मला धास्ती वाटते, असे मी विक्रेत्याला सांगितले होते, त्यावर तो म्हणाला होता, "त्यासाठीच तर हा विमा आहे, पाच वर्षे काळजीच नको." हे वाक्य आपण माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलेत आणि मग समजावून सांगितलेत की, माझी तक्रार दावा नाकारल्याची नसून विक्रीची आहे. जी अट माझा दावा पाडत होती, तीच अट विक्रीच्या तक्रारीत माझा सर्वांत भक्कम पुरावा ठरत होती; कारण ज्या एका गोष्टीसाठी मी विमा मागितला, नेमकी तीच त्यात वगळलेली होती. माझी तीन पत्रे ती अट लागू होत नाही हे सिद्ध करण्यात खर्ची पडली होती. चौथ्या पत्रात मी लिहिले की, ती अट पूर्णपणे लागू होते, आणि म्हणूनच ही पॉलिसी मला विकायला नको होती.

ते पत्र लिहिताना आपण जी शिस्त लावलीत, तिच्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. कोऱ्या कागदावर मध्ये रेघ ओढून एका बाजूला जे स्पष्ट आठवते ते आणि दुसऱ्या बाजूला जो माझा तर्क आहे तो, असे आपण मला लिहायला लावलेत. विक्रेत्याने मला जाणूनबुजून फसवले, हे माझे वाक्य तर्काच्या बाजूला गेले आणि तक्रारीत आलेच नाही. त्या मुलाने स्वतः पॉलिसी वाचलेली नसण्याचीही शक्यता आहे, असे आपण म्हणालात. त्याचा हेतू शोधत बसण्यापेक्षा, दिलेली माहिती चुकीची होती आणि तिच्यावर विसंबून मी पैसे भरले, एवढेच नीट मांडणे महत्त्वाचे होते. तोंडी बोलण्याला पुरावा काय, या माझ्या काळजीवर आपण ऑर्डरचा फॉर्म पुन्हा पाहायला सांगितलात. त्यावर विक्रेत्याच्याच अक्षरात "रुग्णासाठी, पाठ उंच हवी" अशी नोंद होती. मी ती कितीदा तरी पाहिली होती, पण आजाराचा विषय त्या दिवशी निघाला होता याची ती साक्ष आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. अटी वाचायला हव्या होत्या, या अपेक्षित उत्तरालाही आपण आधीच तारखांनी उत्तर दिलेत: पैसे खरेदीच्याच दिवशी घेतले गेले आणि पॉलिसीची कागदपत्रे खुर्चीबरोबर, म्हणजे ६ आठवड्यांनी, हाती पडली.

आपण सांगितलेला १७६६ सालचा खटला माझ्या कायमचा लक्षात राहिला. सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्यावरून इंग्लंडमध्ये चाललेल्या त्या वादात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी म्हटले होते की, स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट लपवून समोरच्याला व्यवहारात ओढणे सद्भावनेत बसत नाही, आणि हे बंधन विमा घेणाऱ्याइतकेच विमा देणाऱ्यावरही आहे. आजवर मला वाटत असे की, विम्यात खरे सांगण्याची जबाबदारी केवळ ग्राहकाची.

पुढचा पत्रव्यवहार कंटाळवाणा होता. दुकान विमा कंपनीकडे बोट दाखवे, कंपनी दुकानाकडे. दोघांनाही एकच पत्र पाठवून विक्रीची जबाबदारी कोणाची हे लेखी विचारायचे आणि अंतिम उत्तर मागायचे, हा आपला सल्ला मी पाळला. विमा लोकपालासारख्या यंत्रणेकडे जायचे झाले तर ते उत्तर आणि त्यावरची तारीख दोन्ही लागतात, आणि तिथेही मुदत असते, हे आपण बजावले होते. मध्यंतरी कंपनीने खुर्ची एकदा मोफत स्वच्छ करून देण्याची तयारी दाखवली, पण सोबतच्या कागदावर ही पूर्ण व अंतिम तडजोड असल्याचे छापलेले होते. सही केली तर तक्रार तिथेच संपू शकते, एवढे आपण सांगितलेत आणि निर्णय माझ्यावर सोडलात. मी सही केली नाही. लोकपालाकडे जाण्याची वेळ आली नाही. त्याआधीच कंपनीने विक्रीच्या वेळी दिलेली माहिती दिशाभूल करणारी होती, असे मान्य केले.

यश आले तरी काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आपण पहिल्याच भेटीत सांगितले होते. चुकीच्या विक्रीच्या तक्रारीत ग्राहकाला पॉलिसी घेतलीच नव्हती अशा स्थितीत परत आणले जाते. म्हणजे प्रीमियम परत मिळतो, डागाची भरपाई नाही. आपण मला खोटी आशा दाखवली नाहीत, त्यामुळेच मी शेवटपर्यंत टिकले.

सोबत त्या संपूर्ण पत्रव्यवहाराची एक प्रत, सर्वांची नावे खोडून, जोडत आहे. असेच प्रकरण घेऊन कोणी आपल्यासमोर बसले, तर त्यांना ती अवश्य दाखवावी. खुर्चीच्या पाठीवरचा डाग अजून तसाच आहे. वडील तिथेच डोके टेकून हे पत्र माझ्याकडून वाचून घेत आहेत आणि त्यांचाही नमस्कार कळवायला सांगत आहेत.

आपली कृतज्ञ,
खुर्चीची फाइल घेऊन आलेली मुलगी